बटाट्याचं सूप आणि फादो

मी अंबरनाथहून बोलतोय, मध्येच लोकलचा भोंगा ऐकू आला तर सांभाळून घ्या. आजचा भाग जरा घरगुती आहे.

मला लिस्बनच्या कंपनीची ऑफर आली होती. घरी सांगितलं नव्हतं. बाबा ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेले, मी एकुलता एक. म्हटलं, जेवताना सांगू, आणि त्यातही डोकं लावलं: पणजीत एका जुन्या घरात फादो ऐकत जेवता येतं, तिथे नेऊ. ठाण्याहून कोकणकन्या पकडली, करमळीला उतरलो.

फादो म्हणजे पोर्तुगीज गाणं. एकोणिसाव्या शतकात लिस्बनच्या गल्ल्यांत, खानावळींत वाढलेलं. 2011 मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं. आपल्या वसईतून पोर्तुगीज 1739 लाच गेले, म्हणजे फादोच्या कितीतरी आधी. त्यामुळे आपल्याकडे पाव, बटाटा, चावी आणि पगार एवढंच राहिलं. (पगार राहिला हे बरं झालं.) गोव्यात मात्र ते 1961 पर्यंत होते, आणि गाणं त्यानंतरही टिकलं. फोंड्याच्या सोनिया शिरसाट यांचं गाणं यूट्यूबवर नक्की ऐका.

आता जागा. आठ-दहा टेबलं, मंद दिवे. एक साधी गिटार, आणि दुसरी पोर्तुगीज गिटार: पोट गोल, तारा बारा, आवाज संतूरच्या जवळ जाणारा. गाणारी बाई काळी शाल घेऊन उभी. माइक नाही. आणि नियम असा की गाणं सुरू असताना वाढत नाहीत, बोलत नाहीत, काट्याचमच्याचा आवाजही करत नाहीत. तीन-चार गाणी, मग ब्रेक, त्यात जेवायचं. ऑर्डर गाण्याआधीच देऊन ठेवा, हा फुकटचा सल्ला.

आईचा गुरुवार होता. तिच्यासाठी बटाटा आणि हिरव्या पाल्याचं सूप सॉसेजशिवाय मागवलं. बाबांनी शागुती आणि पाव.

दुसऱ्याच गाण्यात बाबांचा फोन वाजला. फुल व्हॉल्यूम, विठ्ठलाचा गजर. बाबांना तो बंद करता येईना, मी टेबलाखालून ओढून घेतला. बाई गायच्या थांबल्या नाहीत, पण माझे कान तापले. कोण बघत होतं कोण जाणे, मी वर पाहिलंच नाही.

ब्रेकमध्ये आईने विचारलं, "काय म्हणत होती रे ती?" मी म्हटलं, दर्यावर गेलेल्या माणसाची वाट बघतेय. त्यांच्याकडे 'सौदाद' म्हणतात, म्हणजे हुरहूर. आई म्हणाली, "मग आपल्या जात्यावरच्या ओव्यांसारखंच की. माझी आई असंच म्हणायची, मावशी सासरी गेली तेव्हा."

आता यानंतर कसं सांगणार? मी पाव मोडत बसलो.

शेवटी त्यांनी घुमट काढून एक मांडो म्हटला. तो कोंकणीत, त्यामुळे आईला निम्मे शब्द कळले आणि ती खूश.

बिल आलं. बाबा ते उलटसुलट बघत म्हणाले, "किती वर्षांसाठी?"

मी म्हटलं, "काय?"

"प्रिंटरमध्ये कागद विसरला होतास. आठवडा झाला."

मी म्हटलं, दोन. आईने सुपाचा बोल पुढे सरकवला. "हे कसं करतात ते विचारून घे," म्हणाली, "तिकडे बटाटा तर मिळतच असेल."

चला, पुढच्या भागात भेटू. व्हिसाची रडकथा सांगायची आहे.