पहिलं सिझेरियन झालंय, आता दुसऱ्या वेळी?

(महिला मंडळाच्या कार्यक्रमात सोसायटीच्या हॉलमध्ये केलेले भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून दिले आहे. बोलण्याच्या ओघात आले तसेच बरेचसे ठेवले आहे.)



"रौप्यमहोत्सव आहे, तुम्ही आरोग्यावर काहीतरी बोला," असं मला सांगण्यात आलं. आरोग्यावर म्हणजे आपल्या वयाला साखर, गुडघे आणि झोप. पण त्यावर रोज सकाळी बागेतल्या बाकावर माझ्यापेक्षा जास्त माहिती असलेली मंडळी बोलत असतात. शिवाय गेल्या वर्षभरात आपल्याच सोसायटीतल्या तीन मुली माझ्याकडे एकच प्रश्न घेऊन आल्या. तिघींचं पहिलं बाळंतपण सिझेरियनने झालेलं आणि आता पुन्हा दिवस गेलेले. "काकू, या वेळी नॉर्मलचा प्रयत्न करू की सरळ तारीख घेऊ?"

हा प्रश्न थोड्या बायकांचा राहिलेला नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या शंभर बाळंतपणांपैकी पंचवीस सिझेरियनने झालेली होती. देशभरातल्या खासगी दवाखान्यांत तर हे प्रमाण शंभरात सत्तेचाळीस होतं. यातल्या ज्यांना दुसरं मूल हवंय, त्या प्रत्येकीला हा प्रश्न पडणार. म्हणून आज यावरच बोलते. माझी एक चूकही यात सांगायची आहे, म्हणून जरा धीर एकवटून बोलते आहे.

आधी इतिहासातली एक गंमत. "एकदा सिझर म्हणजे कायम सिझर" हे वाक्य तुमच्या सासूबाईंचं नाही. ते न्यूयॉर्कच्या एडविन क्रेगिन नावाच्या डॉक्टरांचं, 1916 सालचं. त्यांचा हेतू वेगळाच होता. ते इतर डॉक्टरांना बजावत होते की पहिलं सिझर उगाच करू नका, नंतर तिच्यावर पुन्हा तीच वेळ येईल. आपल्या एका पेशंटला सिझरनंतर नैसर्गिक रीतीने मुलं झाली, हेही त्यांनीच सांगून ठेवलं होतं. पण जगाने एवढंच वाक्य उचललं. त्या काळात गर्भपिशवी वरच्या जाड भागात उभी कापत. तो भाग कळांमध्ये जोराने आवळतो, त्यामुळे तिथला व्रण उसवण्याची भीती मोठी. पुढे ग्लासगोचे मन्रो केर यांनी खालच्या पातळ भागात आडवा छेद घेण्याची पद्धत रुजवली. आज बहुतेक ठिकाणी तोच घेतात, आणि तो कळा बराच चांगला सोसतो.

बराच म्हणजे किती? एकच सिझेरियन झालंय, छेद खालचा आडवा आहे आणि कळा आपणहून आल्या आहेत, अशा दोनशे बायकांनी प्रयत्न केला तर साधारण एकीचा टाका उसवतो. आणि प्रयत्न करणाऱ्या चौघींपैकी जवळजवळ तिघींची प्रसूती खालून होते. आधी एकदा नॉर्मल झालेलं असेल तर यश याहून जास्त, शंभरात पंचाऐंशी ते नव्वद.

आता दोनशेत एक हा आकडा मोठा की लहान? तो ऐकणाऱ्यावर अवलंबून असतो. मला तो फार मोठा वाटायचा. त्याचं कारण सांगते.

मी शिकत असताना ग्रामीण रुग्णालयात माझी ड्यूटी होती. एका रात्री जीपमधून एक बाई आली. कळा सकाळपासून. पोटावर जुना टाका, अगदी नीट, आडवा. कागद एकही नाही. "दोन वर्षांमागं शिजर झालं," एवढंच तिच्या आईला माहीत. मी टाका पाहिला आणि मनाशी म्हटलं, आडवा आहे, चला. कळा थांबल्या होत्या, पण पोट दुखायचं थांबत नव्हतं. बाळाचे ठोके मला लागले नाहीत. पोट उघडलं तेव्हा कळलं की कातडीवरचा छेद आडवा असला तरी गर्भपिशवीवरचा उभा होता, आणि तो वरपासून खालपर्यंत उसवला होता. बाई वाचली. गर्भपिशवी काढावी लागली. बाळ गेलं. ती शुद्धीवर आल्यावर तिने काय विचारलं ते मी इथे सांगत नाही.

त्यानंतर मी भित्री झाले. पुढची कित्येक वर्षं आधी सिझर झालेली पेशंट आली की मी कॅलेंडर उघडायची. तिचा टाका कसला, पहिलं सिझर कशासाठी झालं, पुढे आणखी मुलं हवीत का, काही विचारायची नाही. "तारीख घेऊया," एवढंच. पेशंटही खूश, कारण मुहूर्त काढता यायचा. (मुहूर्तावर मी वेगळं भाषण देईन, पण त्याला सोसायटीतले गुरुजी नसतील तेव्हा.)

मग माझ्याच मुलीची वेळ आली. तिचं पहिलं सिझेरियन, कारण बाळ पायाळू होतं. साडेतीन वर्षांनी दुसऱ्यांदा दिवस राहिले आणि ती माझ्याकडे बाळंतपणाला आली. सातव्या महिन्यात एकदा भाजी निवडता निवडता तिने विचारलं, "आई, माझ्या जागी तुझी पेशंट असती तर तू काय केलं असतंस?"

म्हटलं, "तारीख दिली असती."

"तिला विचारून?"

मी पुढची जुडी हातात घेतली. काय बोलणार?

त्या रात्री मी तिचा विचार आई म्हणून बाजूला ठेवून, पहिल्यांदाच नीट डॉक्टर म्हणून केला. पहिलं सिझर बाळ पायाळू म्हणून झालेलं, या वेळी बाळाचं डोकं खाली. म्हणजे जुनं कारण उरलेलं नाही. दोन बाळंतपणांत अंतर चांगलं. ते दीड वर्षाच्या आत असेल तर टाका उसवण्याची शक्यता वाढते. राहिला टाका. त्यासाठी पहिल्या हॉस्पिटलकडून ऑपरेशनचा कागद मागवला. डिस्चार्ज कार्डावर नुसतं "सिझेरियन" लिहिलेलं असतं, त्याचा इथे काही उपयोग नाही. छेद कुठे घेतला, कसा शिवला हे ऑपरेशनच्या नोंदीत असतं. तिथल्या काउंटरने तिच्या सासऱ्यांना तीनदा परत पाठवलं. चौथ्यांदा त्यांनी नियम दाखवला: मागितल्यापासून 72 तासांत पेशंटला कागद द्यावे लागतात, आणि डॉक्टरांनी नोंदी निदान तीन वर्षं जपायच्या असतात. मग मिळाला. खालच्या भागात आडवा छेद, दोन थरांत शिवलेला. तो कागद वाचताना मला त्या जीपमधल्या बाईची आठवण आली.

आता तुम्ही म्हणाल, मग तारीख घेण्यात वाईट काय? काही नाही. ठरवून केलेलं दुसरं सिझर हे सुरक्षित ऑपरेशन आहे. त्यात टाका उसवण्याची भीती जवळजवळ नाही. फक्त 39 आठवडे पुरे होऊ द्यावेत, नाहीतर बाळाला श्वासाचा त्रास होऊ शकतो. आपल्या ए-विंगमधल्या एकीने तेच केलं. नवरा बोटीवर, घरात आजारी सासूबाई आणि दोन वर्षांचं पोर. ती म्हणाली, "काकू, मला कोणत्या दिवशी कोण घरी असेल ते माहीत हवं." मी म्हटलं, अगदी बरोबर.

पण पुढे आणखी मुलं हवी असतील तर हिशेब बदलतो. प्रत्येक सिझरनंतर वार जुन्या टाक्यावर चिकटून आत रुतण्याची शक्यता वाढत जाते. 2006 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात वार खाली असलेल्या बायका पाहिल्या. आधी एक सिझर झालेल्यांपैकी शंभरात अकरा जणींची वार रुतलेली होती, दोन झालेल्यांपैकी शंभरात चाळीस. रुतलेली वार म्हणजे रक्ताच्या बाटल्याच बाटल्या, आणि पुष्कळदा गर्भपिशवी काढणं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. प्रयत्न करून शेवटी सिझरच करावं लागलं, तर ते ठरवून केलेल्या सिझरपेक्षा जास्त त्रासाचं असतं. ताप, जखम चिघळणं, रक्त लागणं, सगळं थोडं जास्त. आणि कळा आपणहून आल्या नाहीत, औषधाने आणाव्या लागल्या, तर टाका उसवण्याची शक्यता दोन-तीन पटीने वाढते. तोंडाने किंवा खालून द्यायची एक गोळी तर जुना टाका असलेल्या बाईला कळा आणण्यासाठी देऊच नये. तेव्हा "कळा नाही आल्या तर काय करणार?" हे डॉक्टरांना आठव्या महिन्यातच विचारायचं.

सगळ्यात अवघड गेलं ते दवाखाना ठरवणं. आपल्या गल्लीच्या तोंडाशी नर्सिंग होम आहे, डॉक्टर माझी मैत्रीण, स्वभावाने सोनं. पण रात्री भूलतज्ज्ञ फोन केल्यावर चाळीस मिनिटांनी पोचतात आणि रक्त बाहेरून आणावं लागतं. टाका उसवला तर चाळीस मिनिटं फार होतात. मी तिला तसं सांगितलं, ती म्हणाली, "मीही तुला हेच सांगणार होते." आम्ही लांबच्या मोठ्या हॉस्पिटलात नाव घातलं. तिथे भूलतज्ज्ञ चोवीस तास हजर, रक्तपेढी आवारातच, आणि कळा सुरू झाल्यापासून बाळाच्या ठोक्यांचा पट्टा सतत पोटावर. टाका उसवू लागला तर बहुतेकदा पहिली खबर त्या ठोक्यांतून मिळते. दुखण्यावरून ओळखू म्हणणं धोक्याचं.

रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्या. सोसायटीच्या इतिहासात नोंद व्हावी म्हणून सांगते, त्या रात्री आमच्या गाडीमागे एक गाडी आडवी लावलेली होती. कुणाची ते मी बोलत नाही, ते समोरच बसले आहेत. वॉचमनने त्यांना उठवलं, त्यांनी लुंगीवर येऊन गाडी काढली आणि मागून ओरडून "ऑल द बेस्ट"ही म्हणाले.

मी लेबर रूममध्ये गेले नाही. मीच ठरवलं होतं. बाहेरच्या बाकावर नऊ तास बसले. तीस वर्षं मी त्या दाराच्या आतल्या बाजूला होते, बाहेरचा बाक इतका कडक असतो हे मला माहीत नव्हतं. सात सेंटिमीटरपर्यंत सगळं उत्तम. मग बाळाचे ठोके प्रत्येक कळेबरोबर खाली जाऊ लागले आणि वर यायला वेळ लागू लागला. तिच्या डॉक्टरने तिला सांगितलं, तिने मान हलवली, आणि वीस मिनिटांत नात बाहेर आली. रडत आली. टाका पातळ झाला होता, उसवला नव्हता.

म्हणजे शेवटी सिझरच. बागेतल्या बाकावर दुसऱ्या दिवशी निकाल लागला: "एवढा खटाटोप कशाला केला, आधीच तारीख घ्यायची." मुलीला वाईट वाटलं का? पहिले दोन दिवस वाटलं. मग म्हणाली, "आई, या वेळी काय चाललंय ते मला प्रत्येक वेळी कळत होतं. पहिल्या वेळी नुसतं छतावरचे दिवे मोजत होते."

आणि हो, सी-विंगमधल्या एकीने परवानगी दिली आहे म्हणून सांगते. तिने त्याच वर्षी असाच प्रयत्न केला आणि तिचं नॉर्मल झालं. दोघींचे आकडे जवळजवळ सारखे होते. तिची मुलगी आणि माझी नात खाली एकत्र सायकल चालवतात, वॉचमनला त्रास देतात.

एक विनंती बाकावरच्या मंडळींना. "तुझं नॉर्मल की सिझर?" हा प्रश्न गॅस बुकिंगसारखा विचारू नका. आणि "आमच्या वेळी नव्हतं बाई असलं" म्हणताना आमच्या वेळी किती बाळं आणि किती आया गेल्या, तेही आठवा.

पहिलं सिझर झालेल्या मुलींनी, दुसऱ्याचा विचार असो वा नसो, ऑपरेशनचा कागद आताच मागवून घ्या. माळ्यावरच्या फाईलीत बहुतेक नुसतं डिस्चार्ज कार्ड सापडेल. कुणाला तो कागद वाचता येत नसेल तर मी बी-विंगला पहिल्या मजल्यावर आहे, संध्याकाळी पाच ते सहा. नवऱ्यांना बरोबर आणलंत तर उत्तम, त्यांनाही माहीत हवं. निर्णय मी देणार नाही, तो तुमच्या डॉक्टरांशी बोलून तुम्हीच घ्यायचा. मी कागद वाचून दाखवीन आणि काय काय विचारायचं ते एका चिठ्ठीवर लिहून देईन.

आता भजी आणायला हरकत नाही. खाता खाता प्रश्न विचारा.