दिवस कोणत्या खुणेने मोजायचा?



माझी शाळा सातवीत सुटली; पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात झाले. वाटाघाटींत माझा निम्मा जन्म एकाच प्रश्नावर गेला. पाळी मोजायची कोठून? फाटकापासून की यंत्रापासून? खूण बदलली की तास बदलतात. ग्रहांचेही तसेच आहे.

शुक्र स्वतःभोवतीची एक फेरी आपल्या २४३ दिवसांत पुरी करतो, तीही उलट्या दिशेने. पण तेथे एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत सुमारे ११७ दिवसच जातात. पहिला हिशेब ताऱ्यांच्या खुणेने, दुसरा सूर्याच्या. दोन्ही खरे.

खूण सापडणेही सोपे नसते. मंगळावरचे डाग पाहून कासिनीने १६६६ साली तेथील फेरी २४ तास ४० मिनिटांची ठरवली. आजच्या आकड्याशी फरक तीन मिनिटांच्या आतच आहे. शुक्र मात्र ढगांनी झाकलेला. त्याची फेरी १९६० नंतर रडारनेच उलगडली.

२००४ साली मंगळावर दोन यंत्रगाड्या उतरल्या. त्या चालवणारी पॅसाडेना येथील माणसे मंगळाच्या दिवसाप्रमाणे कामावर येऊ लागली. म्हणजे रोज चाळीस मिनिटे उशिरा. अठरा दिवसांत दिवसपाळीची रात्रपाळी झाली! घड्याळ मंगळाचे, शरीर पृथ्वीचे. रात्रपाळी केलेल्यांना त्यांचा शीण सांगावा लागणार नाही.

म्हणून ‘आठ तास’ असे कोणी म्हणाले, तर एवढेच विचारा : कोणत्या खुणेपासून, आणि ती खूण लावली कोणी?