होडीच्या पाठीवरचें जुनें यंत्र

होडीला इंजिन बसवावयाचें म्हणजे पूर्वीं होडीच पोखरावी लागे. तळाशीं भोंक पाडून दांडा बाहेर काढावयाचा, मधोमध इंजिनाची प्रतिष्ठापना करावयाची, आणि उरलेल्या जागेंत माणसांनीं पाय आखडून बसावयाचें, असा तो थाट असे. या अडचणींतून सुटका केली ती आऊटबोर्ड यंत्रानें. हें यंत्र होडीच्या आंत नसतेंच. होडीच्या मागील फळीला तें स्क्रूनें आवळून बसवितात. वरच्या टोंकाला इंजिन, खालच्या टोंकाला पाण्यांत बुडालेला पंखा, आणि दोहोंना सांधणारी उभी नळी, एवढाच त्याचा संसार. काम झालें कीं काढून खांद्यावर टाकावें आणि घरीं न्यावें.

अशीं यंत्रें आधींहि कांहीं जणांनीं करून विकलीं होतीं. परंतु त्यांना खरी बाजारपेठ मिळवून दिली ती ओले एव्हिनरूड या नॉर्वेंत जन्मलेल्या आणि अमेरिकेंतील विस्कॉन्सिन संस्थानांत वाढलेल्या कारागिरानें. १९०९ सालीं मिल्वॉकी शहरांतून त्याचीं यंत्रें विक्रीस आलीं. शक्ति दीड अश्वबळाची, वजन ६२ पौंड, किंमत ६२ डॉलर. पौंडास डॉलर हा हिशेब मुद्दाम केलेला असो वा नसो, गिऱ्हाइकाच्या लक्षांत राहण्याजोगा तो खास होता. ओलेची पत्नी बेस ही धंद्याचा पत्रव्यवहार पाहत असे. वल्हीं मारूं नका, तीं फेकून द्या, अशा अर्थाची जी जाहिरात पुढें गाजली ती तिनेंच लिहिलेली. एव्हिनरूड हें नांव धारण करणारीं यंत्रें थेट २०२० सालापर्यंत निघत होतीं.

इंग्लंडांत याच कुळांतील जें यंत्र घरगुती झालें त्याचें नांव सीगल, म्हणजे समुद्रावरचा कुरव पक्षी. १९३१ मध्यें वुल्व्हरहॅम्प्टन येथें त्याचा जन्म झाला, आणि पुढें डॉर्सेट परगण्यांतील पूल या बंदरांत त्याचा कारखाना स्थिरावला. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश नौदलानेंहि हीं यंत्रें घेतलीं. सीगलला झांकण नाहीं, शोभा नाहीं. पेट्रोलची टांकी उघडी, फिरतें चाक उघडें, आणि सुरू करण्याचें साधन म्हणजे गांठ मारलेली एक दोरी. कारखाना बंद होऊन आतां बरींच वर्षें लोटलीं, तरी खाडीकांठच्या एखाद्या कोठारांत, जुन्या जाळ्यांखालीं, असें यंत्र आजहि सांपडतें.

सांपडलेलें यंत्र प्रायः जखडलेलें असतें. नवशिका येथेंच घात करितो. तो दोरी गुंडाळतो आणि सर्व बळ एकवटून ओढतो. जाणता मनुष्य प्लग काढून त्या भोंकांतून सिलिंडरमध्यें गंज सोडविणारें पातळ तेल ओततो आणि चार दिवस यंत्राकडे ढुंकूनहि पाहत नाहीं. मग चाक हातानें किंचित् पुढें, किंचित् मागें. पिस्टन एक केसभर हलला कीं अर्धें काम झालें. बोल्टांचेंहि तेंच. अॅल्युमिनियमच्या अंगांत पोलादी बोल्ट आणि सभोंवार खारें पाणी असा योग वर्षानुवर्षें जमला, म्हणजे दोन्ही धातू एकमेकांना असे धरून बसतात कीं पान्याला जोर दिला तर बोल्टाची मानच तुटून हातांत येते. तेथें शेक द्यावा, तेल द्यावें, थांबावें, आणि पुन्हां शेक द्यावा.

त्यानंतर ठिणगी. या यंत्रांना बॅटरी नसते. फिरत्या चाकांतील लोहचुंबक तारेच्या वेटोळ्याजवळून जातो आणि त्यांतून वीज उपजते. यालाच मॅग्नेटो म्हणतात. दमट हवेंत वेटोळ्याचें वेष्टण कुजतें व वीज वाटेंतच गळते. पॉइंट घांसून, कंडेन्सर बदलून, प्लग सिलिंडरच्या अंगाला टेंकवून दोरी ओढली असतां निळी ठिणगी दिसली तर ठीक. नाहीं तर वेटोळें नव्यानें गुंडाळून घेणें आलें.

कार्बुरेटरची कथा याहून मौजेची आहे. जुन्या अमेरिकन यंत्रांत पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता गोळा बुचाच्या लांकडाचा असे, आणि त्यावर लाखेचा लेप दिलेला असे. पेट्रोलला लाख दाद देत नसे. परंतु आज पेट्रोलमध्यें इथेनॉल मिसळतात, आणि लाख तर त्यांत विरघळते. लेप गेला कीं बूच पेट्रोल पितें, जड होतें, बुडतें, आणि यंत्र तुंबतें. शंभर वर्षें टिकलेली वस्तु अशी एका उन्हाळ्यांत निकामी होते. म्हणून जाणते लोक इथेनॉलविरहित पेट्रोल शोधितात किंवा बुचावर दुसरा टिकाऊ लेप देतात.

यंत्र जुळलें म्हणजे त्याला प्रथम पाण्यानें भरलेल्या पिंपांत उभें करितात, कारण सिलिंडर थंड राखणारें पाणी खालूनच वर चढतें. कोरडें चालविणें म्हणजे त्याची हत्त्या. सुरू होतांच पाणी परत बाहेर पडतें कीं नाहीं हें पाहावें. न पडेल तर आंतील वाटा मिठानें आणि वाळूनें बुजलेल्या आहेत असें समजावें.

येथपर्यंत हौशी मंडळींत मतभेद नाहीं. तो पुढें सुरू होतो. कांहींचें म्हणणें, यंत्राला नवा रंग व झिलई देऊन तें फळीवर मांडावें. चालविलें कीं झिजतें, आणि झिजलेला भाग आतां कोण घडवून देणार? दुसऱ्यांचें म्हणणें, फळीवरचें यंत्र आंतून पुन्हां गंजतें, आणि जें चालत नाहीं त्याला यंत्र कां म्हणावें? १९६५ सालीं अमेरिकेंत अशा यंत्रांच्या शौकिनांचा जो क्लब निघाला, त्याचे सभासद तळ्याकांठीं जमून तीं पाण्यावर चालवितातहि. हा दुसरा पक्ष अधिक खरा वाटतो. पण त्याच्यावर एक आक्षेप आहे, आणि तो हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं.

ज्या घरांत एके काळीं पेट्रोलमध्यें तेल मिसळावें लागणारी स्कूटर होती, त्या घराला तिचा धूर आठवत असेल. जुन्या सीगलला दहा भाग पेट्रोलास एक भाग तेल लागे, कारण आंतील साध्या धातूच्या बुशांना वंगण मिळण्याचा दुसरा मार्ग नव्हता. त्यांतील पुष्कळसें तेल न जळतां पाण्यांतच उतरतें, आणि होडीमागें इंद्रधनुष्यी साय पसरते. अमेरिकेंतील टाहो सरोवरांत कार्बुरेटरच्या अशा यंत्रांना १९९९ पासून मनाई आहे. तेथील निर्मळ पाणी पाहणारास ती अन्यायाची वाटणार नाहीं. सीगलवाल्यांनीं यावर तोड काढली ती अशी कीं कार्बुरेटरची सुई व जेट बदलून तेलाचें प्रमाण पंचवीसांत एकावर आणावयाचें. यंत्र थोडें गरम चालतें, त्याचें आयुष्य कदाचित् थोडें घटतें; परंतु साय बरीच पातळ होते. दहांत एकाचाच आग्रह धरणारे अजून आहेत. त्यांनीं निदान पिण्याच्या पाण्याच्या तळ्यापासून दूर राहावें.

आणि होडींत बसतांना एक गोष्ट आठवावी. यांतील पुष्कळ यंत्रांत पंखा इंजिनापासून सुटा करण्याची सोय नाहीं. इंजिन सुरू झालें कीं होडी त्याच क्षणीं पळूं लागते. म्हणून नाळ मोकळ्या पाण्याकडे वळवावी, मागें कोणी नाहीं हें पाहावें, कारण सुटलेल्या दोरीचा फटका चांगलाच बसतो, आणि मग ओढावें. एव्हिनरूडच्या जुन्या यंत्रांत दोरीऐवजीं चाकावरच एक मूठ असे. इंजिन उलटें झटकलें तर तिनें बोटें फुटत. चार वेळां ओढून इंजिन गप्पच राहिलें, तर प्लग पुसावा. आठ वेळां ओढून राहिलें, तर बेसबाईंची जाहिरात न मानतां होडीच्या तळाशीं ठेविलेलीं वल्हीं काढावीं आणि कांठ गांठावा.