सांडलेला पाव

अनुवादक मित्रमैत्रिणींनो,



स्वागताध्यक्षाचं खरं खातं भोजनाचं. विद्वत्तेचं अध्यक्षांनी बोलावं, आम्ही पानं वाढावीत. म्हणून भाषणालाही मी स्वयंपाकघराच्या वाटेवरचाच एक इंग्रजी शब्द निवडला आहे : ‘कम्पॅनियन’. आपण त्याचा ‘सोबती’ करतो. अर्थ बरोबर येतो, फक्त वाटेत त्यातला पाव सांडतो.

लॅटिनमध्ये ‘कोम’ म्हणजे सह आणि ‘पानिस’ म्हणजे पाव. ज्याच्याबरोबर पाव खायचा, तो ‘कोम्पानिओ’. फ्रँक लोकांच्या सालिक कायद्यात तो भेटतो. गॉथिक भाषेतला ‘गाह्लाइबा’ही हुबेहूब याच घडणीचा. त्यामुळे अभ्यासक मानतात, की लॅटिन शब्द एखाद्या जर्मानिक शब्दावरूनच बेतला असावा. म्हणजे ‘कम्पॅनियन’ हा मुळातच अनुवाद; आपल्याच गोत्रातला! पुढे तो जुन्या फ्रेंचमधून १३००च्या सुमारास इंग्रजीत आला. तिथे ‘लॉर्ड’ आधीपासून होता; तो मूळचा ‘ह्लाफवेआर्ड’, पावाचा राखणदार. पाव राखतो तो धनी, वाटून खातो तो सोबती.

‘कंपनी’ ही याच शब्दाची सख्खी बहीण. १६०० साली लंडनच्या व्यापाऱ्यांना सनद मिळाली आणि एक कंपनी पूर्वेकडे निघाली. नाव वाटून खाणाऱ्यांचं. पुढे ती आपल्याच ताटावर येऊन बसली, हे आपण जाणताच.

त्याआधीच तो ‘पानिस’ दुसऱ्या जहाजातून इथे गोव्याला पोचला होता. पोर्तुगीजांच्या तोंडी त्याचा ‘पांव’ झाला होता, आपल्या तोंडी ‘पाव’ झाला. उद्या पहाटे सायकलचा भोंपू वाजवत पोदेर तुम्हाला उठवील, तोही पोर्तुगीज ‘पादेरु’ म्हणजे पाववाला, त्याच घराण्यातला. तेव्हा झोपमोड झाली म्हणून रागावू नका. दारात व्युत्पत्ती आली आहे असं समजा.

दुपारी पानात गरम उंडे, म्हणजे इथले गोल पाव, असतील. यजमान म्हणून माझी एकच विनंती : ओळखीच्या माणसाशेजारी बसू नका. अनोळखी शेजाऱ्याला आपल्या उंड्यातला अर्धा मोडून द्या. भाषांतरात सांडलेला पाव तेवढा तरी भरून निघेल.