खतं बुडाली, सावकार सुटला

मंडळी, तुकोबारायांच्या घरी पिढीजात महाजनकी. लोकांची कर्जखतं पेटीत. त्यात १६३० च्या सुमाराचा तो दुष्काळ! अन्नान्न करून थोरली बायको गेली, मूल गेलं, दिवाळं निघालं. आता सांगा, अशा वेळी माणूस काय करील? वसुलीला निघेल. तुम्ही-आम्ही तर ऋणकोच्या उंबऱ्यावरच बसलो असतो!

तुकोबांनी खतं बाहेर काढली. धाकटे बंधू कान्होबा, त्यांचा निम्मा वाटा त्यांच्या हाती दिला. (दुसऱ्याच्या वाट्याचं देऊन दाता व्हायचं नाही, हे ध्यानात ठेवा हं!) आणि आपला निम्मा इंद्रायणीत सोडला.

ऋणको सुटला, खरंच आहे. पण माउली, सावकार त्याच्या आधी सुटला! खत पेटीत आहे तोवर भजनातसुद्धा आकडेच दिसायचे. अमक्याकडं इतकं, तमक्याकडं तितकं. टाळ हातात, चित्त व्याजात! कागद पाण्यात गेला आणि तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर मोकळ्या मनानं नामाला बसले.

आणि आपण? अन्नदानाला एकशे एक रुपये देतो अन् फळ्यावर नाव लागलं का, ते बघायला दोनदा जातो. महाराज, ते खत अजून पेटीतच आहे की!

बोला, पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!