चलनावर नाव कुणाचं?

गेल्या एप्रिलात बाबांनी घरपट्टीचं चलन माझ्यापुढं टाकलं. "महिन्याच्या आत भर, पाच टक्के सवलत आहे." चार वर्षं ते असंच भरत आलेले. चलन कन्नडमधलं, त्यामुळं आकडा तेवढा बघायचा, पैसे भरायचे, पावती फाईलला. मला तरी कन्नड कुठं वाचता येतंय? शेजारच्या काकांना दाखवलं. 'तेरिगे' म्हणजे कर, 'हेसरू' म्हणजे नाव. आणि नाव होतं बिल्डरचं!

खरेदीपत्र आमचं, पैसे आमचे, पण खात्यावर नाव चढवायचा अर्ज कुणी दिलाच नव्हता. पट्टी भरली म्हणून कुणी मालक होत नाही. आता तर शहरात ई-खात्याशिवाय फ्लॅटच्या विक्रीची नोंदणीही होत नाही.

मग आकारणीही तपासली. इकडं कर्नाटकात ती मालकानंच भरून द्यायची असते: क्षेत्रफळ, इमारतीचं वय, स्वतः राहता की भाड्यानं दिलंय. जुलैपासून थकबाकीवर महिन्याला दोन टक्के दंड, म्हणून पट्टी आधी भरून टाकली.

मराठीत चलन द्या ही मागणी आपली आहेच. बाबा मात्र हल्ली काकांकडं बसून अक्षरं गिरवतात. अर्ज दिलाय, खाता अजून यायचाय. तुमच्या घरातली पावती काढा बघू.