समजूत आणि जबाबदारी

“मला मनापासून तसंच वाटत होतं,” एवढं म्हटलं की माणूस दोषातून सुटतो का?

विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने १८७७ साली हा प्रश्न मांडला. त्याचा दाखला जहाजाच्या मालकाचा. जहाज जुने, डागडुजीला आलेले. पण ‘इतक्या सफरी झाल्या, हीही होईल’ अशी मालकाने स्वतःची समजूत घातली. जहाज उतारूंसह बुडाले. क्लिफर्ड म्हणतो, विश्वास खरा असला तरी मालक दोषी. तपास न करता तो बाळगण्याचा त्याला हक्कच नव्हता. जहाज सुखरूप पोचले असते, तरीही दोष तेवढाच!

आता आपल्याकडे पाहा. साप चावलेल्या पोराला बाप मांत्रिकाकडे नेतो. माया खरी, समजूतही खरी. पण विषावरचे औषध दवाखान्यात असते. मग दोष बापाचा का? ज्याला विचारायची सोयच नव्हती, त्याला बोल कसा लावायचा? सोय असून ज्याने विचारले नाही, त्याच्यावर मात्र जबाबदारी येते. आणि ठाऊक असून जो गप्प बसला, त्याच्यावर अधिक. गुरुजी, हे तुम्हा-आम्हा शिकलेल्यांना आधी लागू आहे.